भुऱ्याचं पोट आणि झुलालचा शब्द

आमचे हे गेल्याला वर्ष झालं म्हणून सरकारी गुरांच्या फार्मवरच्या लोकांनी सभा ठेवली होती. फोटोला झेंडूचा हार, खाली सतरंजी, आणि पुढं माझ्यासाठी एक खुर्ची. पाहुणे म्हणून पुण्याहून कुणी मोठे साहेब आले होते. ते उभे राहिले आणि म्हणाले, डॉक्टर लीलाधर फेगड्यांच्या बैलानं स्वतःचा प्राण देऊन एका निरपराध आदिवासी बांधवाला वाचवलं, मुक्या जनावराचं मन किती थोर पाहा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बैलाला काय ठाऊक होतं हो? त्याला भूक लागली होती, समोर गोड घुगऱ्या आल्या, त्यानं खाल्ल्या. आणि त्या आदिवासी बांधवाला काही नाव होतं की नव्हतं? साहेबांच्या तोंडी बैलाचं नाव वरचेवर आलं, झुलालचं एकदाही आलं नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी खुर्चीत बसून पदर मुठीत आवळत राहिले, कारण सभेत विधवेनं ओरडलं तर लोक म्हणतात दुःखानं भान सुटलं.

मला भाषण करता येत नाही. पण घरात बसून सांगायला मला कुणाची परवानगी नको. तेव्हा ऐका, जे झालं ते असं झालं.

हे मूळ सावद्याचे. केळीचं घर, विहीर पाण्याची, कशाला कमी नाही. सासरे तोतारामनाना सगळ्यांना सांगायचे की थोरल्यानं शेती धरली, धाकट्यानं शेण धरलं. कारण हे जनावरांचे डॉक्टर झाले ते झालेच, वर दवाखाना टाकायचा सोडून संशोधनात शिरले. जनावर काय खातं, पोटात गेल्यावर त्याचं काय होतं, त्यातलं अंगी किती लागतं आणि वाया किती जातं, एवढ्यावर ह्यांचं सगळं आयुष्य गेलं. माझ्या माहेरी पहूरला फक्त एवढंच कळलं होतं की जावई डॉक्टर आहे. लग्नात माझ्या मावशीनं ह्यांच्यापुढं आपला दुखरा गुडघा केला. हे गंभीरपणे म्हणाले, गाय असती तर बघितला असता. मावशी मरेपर्यंत ह्यांच्याशी बोलली नाही.

पहिली काही वर्षं आम्ही जळगावला होतो. तिथं ह्यांनी टांग्याचे घोडे धरले. स्टेशनबाहेरच्या अड्ड्यावर हे पत्र्याचे डबे घेऊन उभे राहायचे, आणि घोड्यानं शेपूट उचललं की पळायचे. शेजारणी मला विचारायच्या, काय हो कुंदाबाई, आज किती डबे भरले? माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण काम खोटं नव्हतं. दसऱ्याला किंवा तसल्याच एखाद्या सणाला टांगा बंद असायचा, घोडा दिवसभर उभा, आणि मालक लाडानं त्याला हरभऱ्याचा दुप्पट रतीब घालायचा. दुसऱ्या दिवशी जुंपला की स्टेशनपासून चौकापर्यंत जाईतो घोड्याचा मागचा भाग ताठायचा, घाम फुटायचा, आणि लघवी कॉफीसारखी व्हायची. टांगेवाले म्हणायचे दृष्ट लागली. हे म्हणायचे, दृष्ट नाही रे बाबांनो, काम बंद असेल त्या दिवशी दाणा निम्मा करा. हिलाल नावाचा एक म्हातारा टांगेवाला होता, त्यानं ह्यांना तोंडावर सांगितलं की सणाच्या दिवशी मी गोड जेवू आणि घोड्याला उपाशी ठेवू, असली अवलाद मी नाही. सारंगखेड्याच्या घोडेबाजारातही तीच तऱ्हा. विकायच्या घोड्याला चकाकी यावी म्हणून गूळ आणि धान्य ठासायचं, मग खूर तापून घोडा पाय टेकेना की नशिबाला बोल लावायचा. हे वाकून एकेका घोड्याच्या खुराला हात लावत फिरायचे आणि शिव्या खाऊन परत यायचे.

ह्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. जनावर भुकेनं सुकतं, पण मरतं लाडानं.

मग बदली झाली धुळ्याकडे. धुळ्याहून पिंपळनेरच्या वाटेवर एक बाजारगाव आहे. गावाचं नाव मी सांगत नाही, त्यातली माणसं अजून आहेत. गावाबाहेर सरकारी गुरांचा फार्म, आणि फार्मला लागून व्यापाऱ्यांची पांजरपोळ, म्हणजे भाकड नि लंगड्या गाईगुरांना मरेपर्यंत सांभाळायची जागा. फार्मवर ह्यांना भुऱ्या मिळाला. मातकट भुऱ्या रंगाचा, शांत डोळ्यांचा बैल. त्याच्या डाव्या कुशीला ऑपरेशन करून वाटीएवढं भोक पाडलेलं होतं आणि त्यात रबराचं जाड बूच. हे बूच काढायचे, कोपरापर्यंत हात आत घालायचे, पोटातला अर्धा चावलेला चारा काढून बाटल्यांत भरायचे आणि बूच पुन्हा लावायचे. बैल खुशाल रवंथ करत उभा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते. पुढं सवय झाली. भुऱ्या मी गेले की माझ्या पदराचं टोक चघळायचा. त्याला भाकरीचा तुकडासुद्धा द्यायची मला बंदी होती, कारण तो नुसत्या कडब्या-गवतावर ठेवलेला, आणि सात वर्षांचा अभ्यास त्या कडब्यावर उभा होता.

एकदा मी बिबड्यांसाठी ज्वारी भिजत घातली होती. आपल्याकडं ती तीन दिवस आंबवतात, मग दळून शिजवून पापड करतात. हे स्वयंपाकघरात आले आणि न विचारता माझ्या मडक्यात निळा कागद बुडवला. तो लालभडक झाला. मग बाटलीतल्या भुऱ्याच्या पोटातल्या पाण्यात दुसरा बुडवला, तो नुसता जांभळट झाला. मला म्हणाले, चाऱ्यावर जगणाऱ्या जनावराच्या पोटात सावकाश काम करणारे जंतू असतात; एकदम खूप दाणा पडला की भलतेच जंतू माजतात आणि पोटाचं हे असं मडकं होतं; ते आंबट रक्तात उतरतं, जनावर झोकांड्या खातं, खाली बसतं आणि उठत नाही. मी म्हटलं, कळलं, आता माझ्या मडक्यातून तो कागद काढा. शिकलेल्या माणसाला एवढंही कळू नये की बाईच्या आंबवणात हात घालत नाहीत.

आता संक्रांतीचं सांगते. सन सासष्टची. आदल्या वर्षी पाऊस झाला नव्हता. गुरं काडीकाडीला महाग झालेली, पांजरपोळीत नुसता सुका कडबा, तोही मोजका. अशा वर्षी दानाला जास्त पुण्य. दरवर्षी संक्रांतीला गावातली मारवाडी घरं गाईंना गोडाचं घालायची, पण त्या वर्षी सज्जनबाईंनी मोठ्या कढया चढवल्या. सज्जनबाई म्हणजे पांजरपोळीचे सेक्रेटरी हीरालालशेठ, त्यांची आई. सत्तरीच्या पुढची विधवा बाई, रात्रीचं पाणी न पिणारी, वाटेतली मुंगी ओलांडून जाणारी. तिनं गव्हाच्या आणि ज्वारीच्या घुगऱ्या शिजवल्या, त्यात गूळ, तीळ आणि खोबऱ्याचे तुकडे घातले. माणसं रेशनच्या रांगेत उभी होती त्या वर्षी, तेही सांगून ठेवते.

ह्यांनी आधी जाऊन हीरालालशेठना सांगितलं होतं की उपाशी गुरांना एकदम दाणा घालू नका. शेठ हात जोडून म्हणाले होते, डॉक्टरसाहेब, वर्षातून एकदा गाईच्या तोंडात गोड घास जातो, त्याला नाही कसं म्हणू? मग ह्यांनी पांजरपोळीच्या गुराख्याला बोलावून खाण्याच्या सोड्याचा एक डबा दिला. कुठली गाय दात खायला लागली, सुस्तावली, तर हा पाण्यात कालवून पाज आणि मला हाक मार.

तो गुराखी म्हणजे झुलाल. पिंपळनेरच्या वरच्या अंगाचा भिल्ल, काटक, कमी बोलणारा. लंगड्या गाईच्या पायाला तो स्वतःच्या पागोट्याची चिंधी बांधायचा. गाईंच्या अंगावर हात फिरवताना त्यांच्याशी बोलायचा तेवढाच, माणसांशी फारसा नाही.

संक्रांतीला गाईंनी पोट फुटेस्तोवर खाल्लं. संध्याकाळी झुलालनं सोडा कालवला आणि जमेल तेवढ्या गाईंना पाजला. ह्यांना हाक मारायला तो फार्मवर आला, पण हे त्या दिवशी धुळ्याला मीटिंगला गेलेले. सकाळी निम्म्या गाई आडव्या होत्या. दुपारपर्यंत एकेक करत मेल्या.

गावात आकांत झाला. आणि मग कुणीतरी म्हणालं, काल झुलाल गाईंना पांढरं काहीतरी पाजत होता. झालं. भिल्ल आहे, कातड्यासाठी विष घातलं असणार. अहो, पांजरपोळीतली मेलेली गाय मीठ घालून पुरतात, तिचं कातडं कुणाला मिळतच नाही! पण डोकं ठिकाणावर असतं तर ना. झोपडीत डबा सापडला, त्यात पांढरी पूड. फौजदार आले, झुलालला धरला. झुलाल एवढंच म्हणत राहिला, "सोडा शे साहेब, डाक्टरनी दिधेल शे. मी त्यास्ले इख कसाले दिसू?" सोडाच आहे, डॉक्टरांनी दिलेला, मी का त्यांना विष देईन, असं तो विचारत होता. त्याला उत्तर कुणी दिलं नाही, थोबाडीत दिली.

हे धुळ्याहून आले ते तसेच चौकीवर गेले. सोडा मीच दिला म्हणाले. डब्यातली चमचाभर पूड फौजदारांसमोर तोंडात टाकून वर पाणी प्यायले. फौजदार हसले आणि म्हणाले, मग हा सोडा नुसता दाखवायला ठेवलेला. खरं विष कुठं लपवलंय ते झुलाल बोलेल. मागच्या खोलीतून त्याला बोलतं करण्याचे फटके ऐकू येत होते. हे पांजरपोळीत गेले, म्हणाले एक गाय फाडून बघू द्या, पोटात काय आहे ते सगळ्यांना दिसेल. हीरालालशेठ गाईंच्या मध्ये आडवे उभे राहिले. पांजरपोळीतल्या गाईच्या अंगाला मेल्यावरही सुरी लागू देणार नाही. शेठचं वजन मोठं, फौजदारांनी मान डोलावली आणि गाई मिठासकट पुरल्या गेल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथं तर चोरच कुणी नव्हता.

हीरालालशेठ वाईट माणूस नव्हते, हे मी रागातसुद्धा कबूल करते. गाई मेल्या तेव्हा ते भिंतीला डोकं टेकून रडले होते. पण त्यांना कळून चुकलं होतं. डॉक्टर खरे ठरले तर गाई मारल्या कुणी? त्यांच्या आईनं. मुंगी न मारणाऱ्या बाईच्या माथी गोहत्या. त्यापेक्षा भिल्लाच्या माथी बरी. असा साधा हिशेब त्यांनी केला, आणि त्या हिशेबात झुलालची हाडं कुठंच धरली नाहीत.

हे घरी आले, ताटावर बसले आणि उठले. मग मला म्हणाले, "कुंदा, मी भुऱ्याला घेऊन जातो."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी अशी भडकले की शेजारच्या क्वार्टरमधली माणसं बाहेर आली. म्हटलं, बैल सरकारचा, साहेबांना विचारलंत का? म्हणाले, विचारलं तर नाही म्हणतील. म्हटलं, दुसरं कुठलंही जनावर घ्या. तर म्हणाले, दुसऱ्याच्या पोटाला खिडकी नाही. ते मेलं की शेठ पुन्हा आडवे उभे राहतील. भुऱ्याचं बूच काढलं की सुरी न लावता सगळ्यांना दिसेल, आणि वेळेवर दाणा काढून घेतला तर तो वाचेलही. म्हटलं, आणि सात वर्षांचं काम? ते म्हणाले, ते मला माहीत आहे.

चौकीपुढच्या पटांगणात भुऱ्याला बांधला आणि भोवती दोरी ताणली. अटी सगळ्या ह्यांनीच घातल्या. घुगऱ्या सज्जनबाईंच्या घरच्याच, त्याच धान्याच्या, संक्रांतीला त्यांनी कातरलेल्यातलंच उरलेलं खोबरं घालून त्याच तऱ्हेनं शिजवलेल्या. खाऊ घालायच्या हीरालालशेठनी स्वतःच्या हातानं. बैलाजवळ एक पोलीस उभा राहील. आणि हे म्हणाले, मी, डॉक्टर, दोरीच्या आत पाऊल टाकणार नाही, म्हणजे मी काही टाकलं असं कुणी म्हणायला नको. फौजदारांना तमाशा आवडला असावा, ते हो म्हणाले. सकाळी शेठनी घमेलं भुऱ्यापुढं ठेवलं. कडब्यावर वर्षं काढलेल्या बैलानं मान वर केली नाही. एक घमेलं संपलं, दुसरं संपलं. तो एवढ्या आनंदानं खात होता की मला तिथं उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशी तो दात खाऊ लागला. कान पडले. उभा राहायला गेला तर पाय फाकले, आणि दुपारी मान कुशीकडं वळवून खाली बसला. गाई अगदी अशाच बसल्या होत्या. बघणाऱ्या लोकांनी ते ओळखलं, त्यांच्यात कुजबुज झाली. हे दोरीपाशी जाऊन म्हणाले, आता मला आत जाऊ द्या, बूच काढतो, दाणा दाखवतो आणि बैल वाचवतो.

तेव्हा हीरालालशेठ दोरीपुढं आले. ते म्हणाले की डॉक्टरांनी हात आत घातला तर मुठीत काय नेलं हे कुणी पाहायचं? अट तुमचीच आहे, तुम्ही आत पाऊल टाकायचं नाही. फौजदारांना ते पटलं. पुराव्याला हात लावू नका म्हणाले, धुळ्याहून वरच्यांना कळवू, ते माणूस पाठवतील तेव्हा बघू. ह्यांनी सांगितलं की तोवर बैल मरेल. फौजदार म्हणाले, मग मेल्यावर बघू. ह्यांनी सांगितलं की फार्मचा दुसरा कुणीही चालेल, कंपाउंडर चालेल. तर तो तुमचाच माणूस. पोलिसानं हात घालावा, तर पोलीस मागं सरला. ज्या अटींनी झुलाल सुटायचा, त्याच अटी बैलाच्या गळ्याला आल्या. हे दोरी धरून उभे, पलीकडं भुऱ्या कण्हतोय, आणि मागच्या खोलीत झुलाल. दुपार उतरत चालली होती आणि शहाणी माणसं नुसती उभी होती.

माझ्यानं बघवेना. मी वळले आणि तडक शेठच्या घरी गेले.

सज्जनबाई वरच्या खोलीत उपास धरून बसल्या होत्या. गाई गेल्यापासून पाण्यावर होत्या. मुलानं सांगितलं होतं की विष घालणारा सापडला, तुम्ही त्या भानगडीत डोकं घालू नका. सुनेनं मला जिन्यात अडवलं, मी तिला बाजूला केलं. आत गेले, पाया पडले नाही, बसले नाही. त्या वेळी मला वय दिसलं नाही की उपास दिसला नाही.

"अक्का," मी म्हणाले, "गाई तुमच्या घुगऱ्यांनी मेल्या. विष कुणी घातलं नाही. आणि तुम्हाला हे कळू नये म्हणून चौकीत एका गरिबाला मारताहेत."

माळ त्यांच्या हातात तशीच राहिली. मला वाटलं आता ही बाई कोसळेल, आणि खरं सांगते, मला त्याचंही काही वाटलं नाही. मग त्यांनी सुनेला वहाणा मागितल्या.

सज्जनबाई पटांगणात आल्या तेव्हा लोकांनी आपोआप वाट दिली. हीरालालशेठ धावत पुढं आले, आई, उन्हात कशाला, उपासाचं अंग. त्यांनी मुलाला हातानं बाजूला केलं. दोरीखालून वाकून आत गेल्या, भुऱ्यापाशी जमिनीवर बसल्या आणि पांढऱ्या लुगड्याचा पदर खोचून बाही खांद्यापर्यंत सारली. मग फौजदारांना विचारलं, माझ्या हातावर तर कुणाचा संशय नाही ना? फौजदारांनी नाही म्हणून मान हलवली.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "सांगा, हात कुठपर्यंत घालू?"

हे दोरीबाहेरून सांगत गेले. बूच असं फिरवा, आता ओढा. बूच निघालं आणि वास आला. माझं बिबड्यांचं मडकं तीनऐवजी आठ दिवस विसरलं असतं तर आला असता तसा. पुढचे लोक नाकाला धोतर लावून मागं सरले. म्हातारीनं हात आत घातला. घातला तो दंडापर्यंत गेला, आणि ती मूठभर काढून आपल्या मांडीवर टाकत राहिली. आंबून फेसाळलेला गहू, ज्वारी, खोबऱ्याचे तुकडे जसेच्या तसे. ह्यांनी निळा कागद पोलिसाकडं दिला, त्यानं तो बुडवला, लाल झाला. पण कागदाकडं कुणी बघत नव्हतं. सगळे त्या मांडीकडं बघत होते.

सज्जनबाईंनी खोबऱ्याचा एक तुकडा बोटांत धरला. "हीरा," त्या म्हणाल्या, "हे मी कातरलंय. सोड त्या माणसाला."

शेठ तिथंच खाली बसले. फौजदारांनी आत जाऊन कुलूप काढलं. ह्यांनी दोरी ओलांडली आणि सज्जनबाईंच्या बरोबरीनं दाणा उपसू लागले. सोड्याचं पाणी घातलं, गरम पोत्यांनी अंग चोळलं, मीही चोळलं. पण त्या अटींच्या वादात जो वेळ गेला तो गेला, आंबट तोवर रक्तात उतरलं होतं. भुऱ्या दुसऱ्या सकाळी मेला. सज्जनबाईंनी पुढं जन्मभर संक्रांतीला स्वतः पांजरपोळीच्या फाटकात उभं राहून दाण्याची टोपली आत जाऊ दिली नाही, हेही खरं आहे. लोक हे दोन्ही सांगतात. बैलाचं सांगतात, म्हातारीचं सांगतात, डोळे पुसतात. ह्यांचं सांगतात की सरकारी बैल न विचारता मारला म्हणून बढती अडली आणि तरी माणसानं हूं का चूं केलं नाही. सगळं खरं. आणि एवढं सगळं सांगून झाल्यावर गोष्ट संपली असं समजून चहा पितात.

गोष्ट तिथं संपली नाही. भुऱ्याला पुरलं त्याच दिवशी सकाळी उशिरा झुलाल आमच्या क्वार्टरवर आला. एक डोळा मिटलेला, उजव्या हाताची बोटं सुजून वांगी झालेली. डाव्या हातात तो सोड्याचा डबा होता, चौकीनं परत दिलेला. मी त्याला ओट्यावर बसवलं, भाकरी आणली. माझ्या मनात होतं की हा आता ह्यांचे पाय धरेल. सुटला होता ना! एका माणसासाठी एवढा बैल गेला होता, सात वर्षं गेली होती, मग पाय धरायला नकोत का? असंच मला वाटलं. पुण्याच्या साहेबांपेक्षा मी काही शहाणी नव्हते.

त्यानं भाकरी खाल्ली. सगळी खाल्ली, डाव्या हातानं. मग डबा ह्यांच्या पुढं ठेवला आणि त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं एवढं सलग बोलला.

"साहेब, तुम्ही चांगलं करं. पन मन्हं खरं ठराले बैलले मरनं पडनं. मी मानूस शे ना? मी सांगं, ते कोनी आयकं नही. बैलनं पोट बोलनं, ते बठ्ठास्नी आयकं."

त्याचं खरं ठरायला बैलाला मरावं लागलं, माणूस बोलला ते कुणी ऐकलं नाही, बैलाचं पोट बोललं ते सगळ्यांनी ऐकलं, असं तो म्हणत होता. त्याच्या आवाजात रडणं नव्हतं, राग होता, आणि तो आमच्यावरही होता. झुलाल उठला, फाटक उघडून पिंपळनेरच्या रस्त्याला लागला, आणि त्या गावात पुन्हा कुणाच्या गाई राखायला आला नाही.